आईच्या घड्याळाची पुडी

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबांच्या पायावर रुचिकाचं डोकं.

मी बरी आहे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले गावी आली तेव्हा तुमच्या दुकानातून घड्याळांची जुनी चाकं आणली होती. त्यांचे कानातले करून इथं बाजारात विकते. जुन्या यंत्रांच्या भागांच्या अशा दागिन्यांले इथं स्टीमपंक म्हणतात. पोरी रोजच्या कपड्यांवर घालतात. तुमी पाहाल तर हसाल.

देवरीत थंडी पडली काय? लाखोळीची भाजी खाल्ली काय?

काल फोनवर तुमी म्हणाले, आई गेल्यापासून जपलेली तिच्या घड्याळाची पुडी सापडून नाही राहिली, आता आपली याद गेली, दुकान बंद करतो.

बाबा, घड्याळ खोललं की तुमी चाकं कागदाच्या पुडीत बांधता अन् मालकाचं नाव पुडीच्या आतून लिहिता, हे मी विसरली. भंगार समजून साऱ्या पुड्या एकत्र ओतल्या. फोन ठेवल्यावर कागद उलगडले. एकावर तुमच्या अक्षरात आईचं नाव आहे, ‘नंदा’.

आज दिवसभर बाजारात पोरींचे कान पाहत उभी राहिली. आईची चाकं मले ओळखू येत नाहीत. तुमाले आली असती.

तुमी काहीच विसरले नाही, बाबा. मले बोला, मारा, पण पत्र मिळताच दुकान उघडा.

तो कागद पत्रात घडी करून ठेवला आहे. आत काही नाही.

तुमची
रुचिका