आपल्या टेबलाचा वास

मास्तर,

सहा वर्षं आपण एकाच टेबलावर प्रुफं तपासली. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायचो, तुम्ही खांद्याला खांदा लावून चुका काढायचात. त्या मोठ्या तापानंतर मला कसलाच वास येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

एके दिवशी साहेब मला म्हणाले, "तुमच्या टेबलाकडून घामाचा वास येतो हो, जरा बघा." मला वाटलं, तुम्हाला सांगायचं काम माझ्याकडे आलंय. चहा पिताना मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "मास्तर, तुमच्या अंगाला वास येतो. रोज शर्ट बदलत जा." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि पुढचं पान माझ्याकडे सरकवलंत. महिनाभरात तुम्ही नोकरी सोडलीत.

आता त्या टेबलावर मी एकटाच असतो. काल साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "मागे सांगितलं होतं, तुम्ही मनावरच घेतलं नाहीत. वास अजून येतोच आहे."

एक मात्रा न सोडणारे तुम्ही, माझी एवढी मोठी चूक तशीच जाऊ दिलीत.

शर्ट मी आता रोज बदलतो. पत्र पाठवायचा धीर मात्र होत नाही.

तुमच्या उजव्या हाताला बसणारा