खिडकीत काढून ठेवलेलं घड्याळ

पवनानगर,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. पवन यास,
दादाचा जय भीम आणि आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. आईचा खोकला उतरला आहे. यशोधराला आणि पोरांना आठवण सांग. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी "दादा, जाऊ दे ना" एवढंच म्हणतोस, म्हणून हे पत्र. जीपवाला गणेश लोणावळ्याला तुझ्या दुकानात आणून देईल. अक्षर बघून हसू नकोस.

आधी मी या हातांनी काय काय केलं ते लिहितो. तुझ्या धंद्यात फ्लेक्स आठ दिवसांनी उतरतो आणि शेळ्यांच्या गोठ्यावर जातो, त्यामुळे तुला केलेल्या कामाची आठवण ठेवायची सवय राहिली नाही. आपल्या विहारातले बुद्ध मी केले, त्यांच्या पापण्या तीनदा पुसून चौथ्यांदा जमल्या. वलवणच्या रस्त्यावर चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या केल्या, त्यातल्या दोन अजून ऊन खातात पण रंग सोडत नाहीत. उर्से टोलनाक्याच्या अलीकडच्या ढाब्यावरचा कोंबडा केला, ज्याच्याशी खरा कोंबडा भांडायला आला होता. बाबांची तसबीर केली. फोटो नव्हता, आई सांगत गेली आणि मी काढत गेलो. माझी शिडी, माझी परांची, पत्र्याचे साचे, सगळं मीच ठोकलेलं. तुझ्या टेम्पोच्या कपाळावरची अक्षरं, निळ्यावर पिवळी, प्रत्येक अक्षराला उजवीकडून काळी सावली, तीही माझीच. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. नाक काढायला आरशासमोर बसून शिकलो.

आणि शाळेची भिंत. तिच्याबद्दल तुला अर्धवट माहीत आहे, म्हणून नीट लिहितो.

डिसेंबरात कुंपणाच्या भिंतीवर चित्र काढायचं काम मिळालं. विषय दिला होता, 'बायकोवर हात उगारू नका'. ग्रामसेवकांनी नमुना म्हणून छापील कागद हातात ठेवला. त्यावर काळासावळा माणूस, फाटकं बनियन, हातात बाटली, मागे झोपडी. पवन, तू रोज अशी चित्रं छापतोस, कधी नीट बघतोस का? दारू पिणारा कोण? काळा, बनियनवाला. बायकोला मारणारा कोण? तोच. उघड्यावर बसणारा, पोरीला शाळेत न घालणारा, तोही तोच, आणि मागचं छप्पर आपल्या वस्तीतलं. समजावून सांगायला येतो तो मात्र गोरा, चष्मा लावलेला. लहानपणापासून मी हे बघतो आहे. चित्राखाली काहीही लिहिलेलं असो, चित्र म्हणतं ते एकच, की घाण इथून येते.

मी तसं बोललो. ग्रामसेवक म्हणाले, "जानूभाऊ, लोकांना पटकन कळायला पाहिजे ना."

"कळतंय की साहेब. मारणारा आमच्याच वस्तीत राहतो, हे लई पटकन कळतंय."

ते हसले. म्हणाले, "बरं, तुमच्या मनाने काढा. संदेश तेवढा मोठ्या अक्षरात."

मी माझ्या मनाने काढला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, मागे मोठा टीव्ही, काचेच्या भांड्यात सफरचंदं. फरशीवर पडलेली बाई, आणि वर उचललेला हात. मनगटावर घड्याळ. चेहरा एका कुणाचा नव्हता. नाक एकाचं घेतलं, हनुवटी दुसऱ्याची, कान आपल्या चुलत्याचे.

समोरच्या टपरीवर दिवसभर हसणं चाललं होतं. कोंडू चहा गाळता गाळता ओरडला, "जानू, आरं ह्यो तर माझा मेव्हणाच काडलास की!" दुसरा म्हणाला, "मेव्हणा कशाला, तूच हायस त्यो. प्वाट बघ की." त्यात माणिकशेठही होता. धरणाच्या कडेच्या जमिनी घेऊन मुंबईवाल्यांना विकणारा तोच. गॉगल वर करून त्याने चित्र पाहिलं. "लय भारी, पेंटर. शर्टाची घडी बी दिसतीया," म्हणाला, आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन गेला. त्याला ते आपलं वाटलं नाही. कुणालाच ते खरोखर आपलं वाटत नव्हतं, म्हणून सगळे हसत होते.

दुसऱ्या दिवशी माणिकशेठची बायको माधवी आली. दुपारच्या उन्हात गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला. बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली.

"जानूदादा, ह्ये बराबर न्हाई."

तुला माहीत आहे, माझ्या कामात कुणी चूक काढली की माझं डोकं फिरतं. मी विचारलं, "काय चुकलंय?"

"घड्याळ. हातात ठेवत न्हाईत. आदी काडत्यात. पट्टा लावून खिडकीत ठिवत्यात. मग येत्यात."

मीठ कुठल्या फळीवर असतं ते सांगावं तसं तिने हे सांगितलं आणि निघून गेली.

मी मनगटावरचं घड्याळ पुसलं. त्या जागी ऊन न लागलेल्या कातडीचा फिकट पट्टा काढला. खिडकीत घड्याळ ठेवलं, पट्टा लावलेला. माझ्या हातून याहून खरं काही झालेलं नाही. ते काढताना ती बाई रात्री कुठे झोपते याचा मी विचार केला नाही. डोळ्यांसमोर फक्त तपशील होता.

त्यानंतर टपरीवर कुणी हसलं नाही. बायका मात्र थांबायला लागल्या. ठाकरवाडीची सारजाबाई डोक्यावरचा भारा खाली टेकवून म्हणाली, "आदीचा तापल्याला व्हता. ह्यो गार हाय. ह्येचं भ्या वाटतंया." चित्र कसं वाचावं हे कुणाला शिकायचं असेल तर त्या बाईकडे पाठव.

माणिक आला, जीपमधून न उतरता काच खाली केली. "घड्याळाचं कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. चित्रकाराला दिसतं."

काच वर गेली. आधी तो घरी गेला. माधवीच्या गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या त्या तासाभरात मोडल्या, हे मला नंतर कळलं. मग चार जणांना घेऊन तो भिंतीपाशी आला. मी जमिनीवर बसून ब्रश धूत होतो.

त्याने घड्याळ काढलं, पवन. माझ्या पांढऱ्या रंगाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं, पट्टा लावून. ते पाहिल्यावर मला पुढचं सगळं कळलं. दोघांनी मला धरलं आणि तोंड भिंतीवर दाबलं. संदेशाची अक्षरं ओली होती, तो रंग नाकातोंडात गेला. "कुटल्या हातानं काडलंस रं?" त्याने माझी बोटं पाहिली. निळा रंग उजव्या हाताला होता. कुंपणाच्या दगडावर हात पसरून धरला आणि जॅकची लोखंडी कांब घेतली. पहिल्या घावाला कडकन आवाज झाला. पुढच्या घावांना तसा झाला नाही, मोडण्यासारखं फार उरलं नव्हतं. मधेमधे त्याने जात काढली. कोणत्या शब्दांत ते जबाबात आहे, इथे लिहीत नाही, आई पत्र वाचून पाहते. माझी शुद्ध शेवटपर्यंत होती. नंतर थिनरचा डबा चित्रावर ओतला आणि माझाच गमछा घेऊन त्या माणसाचा चेहरा पुसला. खिडकी राहिली, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दवाखान्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढून टाकलं. उरलेली तीन माझं ऐकत नाहीत. हे पत्र डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराचं कारण ते.

आता तुझ्याकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

माणिक जामिनावर सुटला आणि आठवड्यात त्याच भिंतीवर त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला. तुझ्या दुकानात छापलेला. धंदा आहे, समजू शकतो. मी शालनला घेऊन बघायला गेलो. फ्लेक्स वाचायचा कसा हे मी तुला सांगायला नको. मध्ये तो, पांढऱ्या शर्टात, हाताची घडी, मनगटावर घड्याळ. खाली शुभेच्छुक. कुणाचा फोटो केवढा आणि कोण कुणाच्या वर, यावरून कुणाचं काय देणंघेणं ते कळतं. सगळ्यात खालच्या ओळीत, अगदी छोटा, तू.

तो फोटो आपल्या चैतालीच्या लग्नातला. मी तुझ्या शेजारी उभा होतो. मला तू कापलंस, पण घाईत कापलंस, किनार साफ केली नाहीस. तुझ्या डाव्या खांद्यावर माझी बोटं तशीच राहिली आहेत. शालन म्हणाली, "अहो, ही तुमचीच." मी जवळ जाऊन पाहिली. काढून टाकलेली दोन्ही बोटं तिथे आहेत. ज्याने हात फोडला त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत उभी आहेत.

मी फ्लेक्स फाडला नाही. राग आला, पण मला आधी दुसरा फोटो आठवला.

मारत असताना कुणीतरी मोबाईलवर काढलेला फोटो गावभर फिरला आहे, तुझ्याकडेही आला असेल. लोक मधे बघतात, मी पडलेला आहे तिथे. मी कडा बघतो, धंद्याची सवय. डावीकडे झाकणावरचं घड्याळ स्पष्ट दिसतं. उजव्या कोपऱ्यात, टपरीच्या आडोशाला, एका टेम्पोचं कपाळ आलं आहे. निळ्यावर पिवळी अक्षरं, उजवीकडून काळी सावली. काचेमागे स्टिअरिंगवर दोन हात आहेत. चेहऱ्यावर उजेड चमकला आहे, दिसत नाही. पण हात दिसतात.

तू खाली का उतरला नाहीस, हे मी विचारत नाही. ते पाच होते, आणि तुला लहान पोरं आहेत. तुझ्या जागी मीही कदाचित काच वर केली असती. नाही, हे खोटं लिहिलं. मी उतरलो असतो. पण तू मी नाहीस, आणि त्यासाठी मी तुला तोडणार नाही.

माझं मागणं एवढंच, की जे पाहिलंस ते सांग. कोंडू म्हणतो तो चहा गाळत होता. बाकीचे म्हणतात पाठ होती. माधवी माहेरी आहे, तिने जबाब दिला आहे. तिच्या बाजूने दुसरा जबाब फक्त माझा. माझा फिरला, तर कोर्टात ती एकटी उभी राहील आणि मग तिला त्याच घरात पाठवतील. तुझा जबाब आला तर आम्ही तिघं होतो. फोटो पोलिसांना मी दिला आहे. कोपरा मी कुणाला दाखवलेला नाही. तो तू स्वतः दाखवावास.

परवा माणिकचे चुलते श्रीपती आबा घरी आले. बाजेवर बसले, आईची चौकशी केली. "जानू, लेका, हात काय आता परत येनार हाय का? घरात खायाला काय घालशील? पवनशी बोलनं झालंया. त्यो व्हय म्हनला." मी विचारलं, पवन कशाला हो म्हणाला? तेव्हा त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

तू हो म्हणालास ते असं. मी जबाब बदलायचा. मला कुणी मारलं नाही, काम करताना परांचीवरून पडलो आणि हात दगडावर आपटला, असं लिहून द्यायचं. माझ्या परांचीवरून. मी ठोकलेल्या, जिच्यावरून मीच काय, माझा ब्रशही कधी खाली पडला नाही. भिंत पुन्हा रंगवायची, त्यावर छापील कागदातला बनियनवाला दुसऱ्या पेंटरकडून काढून घ्यायचा, आणि खाली नाव माझं टाकायचं. याचे साडेआठ लाख रुपये, अर्धे आधी, अर्धे जबाबानंतर. आबांना मी नाही म्हणून सांगितलं आहे, आता तुलाही सांगतो.

तुझा दादा,
जानू पेंटर