मशीन जागं आहे, पण काम?

गुरुवार, संध्याकाळ, जयपूर

आज मिलिंद, माझा लेक, जेवताना पोळी नुसती चिवडत होता. त्याची कंपनी बगरू गावच्या ठसे-छपाईच्या चादरी विकते, आणि सगळ्या ऑर्डरी एकाच मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, येतात. ते बंद पडलं की दुसऱ्या मशीनने आपणहून काम उचलावं, अशी सोय त्याला उद्या साहेबांना सुचवायची आहे. पुन्हा ऑर्डरी अडकल्या तर नोकरी जाईल म्हणतो.

"पहिलं बंद पडलंय हे दुसऱ्याला कळणार कसं?"

"पहिल्याची ऑपरेटिंग सिस्टम चालू आहे का, ते दुसरं बघत राहील, आई."

"आणि मशीन जागं असलं, पण ऑर्डरी घेत नसलं तर?"

नात मध्येच म्हणाली, "मतलब हँग झालं तर, बाबा."

मिलिंद पाणी प्यायला. "गेल्या वेळी तेच झालं. मशीन जागं होतं, म्हणजे दुसरं असतं तरी उठलं नसतं."

"तुझं ते दुसरं मशीन तुझ्यावरच गेलंय. सकाळी दारातून डोकावतोस, आई खुर्चीत दिसली की चाललास. गुडघा कसा आहे, विचारलंस कधी?"

नात फिदीफिदी हसली. तो म्हणाला, दुसऱ्या मशीनला ऑर्डरीच्या प्रोग्रॅमवरही नजर ठेवायला सांगतो. खर्च वाढेल, पण साहेबांना पटवीन.

मशीनचं मार्गी लागलं. उद्या नुसता दारातून डोकावला, तर हूं की चूं करायची नाही मी. बघू आत येतो का.