पंपाच्या अलीकडचा सांधा

अण्णा, तुमच्याशी पाइपांबद्दल बोलायचं आहे. इथे कॅनडात, व्हिटबीत, मराठी माणसं पुष्कळ झाली आहेत, पण त्या विषयावर बोलावं असं कुणी नाही. आमच्या बेसमेंटमध्ये, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, स्टीलचं एक मोठं पातेलं आहे. तळाशी तोटी, तोटीपुढे छोटा पंप, आणि पंपातून पुन्हा वर पातेल्यात येणारी नळी. तुमचे जावई त्यात बिअर करतात. हो, बिअरच. इथे लोक घरी ब्रेड भाजतात तशी बिअरही करतात आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. मोड आणून वाळवलेला सातू भरडायचा, गरम पाण्यात तासभर ठेवायचा, त्याचा गोडवा उतरला की ते पाणी उकळून, निववून आंबवायचं. आंबोळीच्या पिठापेक्षा निराळं काही नाही, फक्त धीर जास्त लागतो.

मागच्या थंडीपासून ह्यांचे हात थरथरतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हळूहळू एकेक गोष्ट ह्यांच्या हातून सुटत गेली. गाडीचे विंटर टायर्स आता दुकानात बदलून घेतो. ड्राइव्हवेवरचा बर्फ शेजारचे शोव्हल करतात. राहिलं होतं ते हे पातेलं. पण बिअर दोन आठवड्यांत शिळी व्हायची, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायची. ह्यांनी वाचून वाचून कारण शोधलं होतं: गरम सातूला हवा लागते. म्हणून पाणी आधी उकळून त्यातली हवा घालवायचे, सातू हलक्या हाताने ढवळायचे, तरी चव तीच. एका सकाळी मी खाली गेले तर हे फोनवर पातेल्याचे फोटो काढत होते, विक्रीची जाहिरात टाकण्यासाठी. "हात असे, आणि बिअर अशी," म्हणाले, "आता पुरे." अण्णा, आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वर निघून आले असते. मी म्हटलं, एकदा मला बघू द्या, मग खुशाल विका. हे हसले. मी चाळीस वर्षांत ह्या घरातला साधा नळही उघडून पाहिला नव्हता.

त्या वेळी मला तुमची डेअरी आठवली. मी नऊ वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे, आणि तुम्ही मला कामावर घेऊन आला आहात. फरशी ओली आहे, सगळीकडे दुधाचा आणि वाफेचा वास. टाकीत दूध वरून पडत नाही, खालून चढतं, याचं मला नवल वाटतं. तुम्ही मला उचलून काठावरून दाखवता: दूध वर येतंय, पण पृष्ठभाग हलत नाही, जणू कुणी झोपलंय. "वरून ओतलं की फेस होतो, फेस म्हणजे हवा, हवा म्हणजे नासाडी," तुम्ही सांगता. त्याच आठवड्यात मी घरी मोठ्या ऐटीत दूध उंचावरून पेल्यात ओतलं आणि तुम्ही ओरडलात. सारखे ओरडणारे नव्हता तुम्ही, म्हणून लक्षात राहिलं. आणि आत्या आठवते का, दर भाऊबीजेला तुम्हाला बजावणारी? पोरीला कॉन्व्हेंटमध्ये घातलीस, तिकडची हवा लागेल तिला, मग पस्तावशील. तुम्ही फराळाच्या ताटावरून मान वर न करता म्हणालात, "लागू दे की. ती काय दूध आहे नासायला?"

तर मी बसले खाली, उशी घेऊन, गुडघे सांभाळत. आधी परतीची नळी पाहिली. तिचं तोंड पातेल्याच्या काठावर लोंबत होतं आणि पाणी वरून धबाधबा पडत होतं. ती लांब करून पृष्ठभागाच्या खाली सोडली. पाणी वरून ओतण्याऐवजी तळाच्या तोटीतून, अगदी सावकाश चढवायचं ठरवलं. सातूवर तरंगेल असं एक पातळ झाकण आणलं, लोणच्यावर तेलाचा थर असतो तसं. मग नुसतं पाणी भरून पंप सुरू केला, तर पारदर्शक नळीतून मोहरीएवढे बुडबुडे पळत होते. हे म्हणाले, सांधे सगळे कोरडे आहेत, मी टिश्यू लावून पाहिलेत. तिथेच तुम्ही डेअरीत सांगितलेली गोष्ट आठवली, अण्णा. पंपाच्या पुढचा सांधा सैल असला की गळतो, अलीकडचा सैल असला की गळत नाही, तो हवा आत ओढतो. त्याला बाहेरून कितीही पुसा, कोरडाच लागणार. मी वाटीत साबणाचा फेस केला आणि बोटाने तोटी आणि पंपामधल्या सांध्यावर लावला. फेस फुगला नाही. आत गेला, गपकन, जणू कुणी जिभेवर घेतला. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "परत लाव." मी परत लावला. परत गेला. सांधा उघडला तर आट्यांवरची गळती थांबवणारी टेप उलट दिशेने गुंडाळलेली, फिटिंग फिरवताना सुटत गेलेली. मी ती काढून आट्यांच्या दिशेने, ताणून, चार वेढे दिले. पाना मी फिरवला आणि ह्यांनी पातेलं धरून ठेवलं, दोन्ही हातांनी. धरायला थरथर आड येत नाही.

सगळं खळखळून धुतलं आणि पुढच्या रविवारी बिअर केली. महिन्याने बाटली उघडली, मग मुद्दाम आणखी तीन आठवडे थांबून दुसरी. ह्यांनी पेला नाकाशी नेला आणि बराच वेळ प्यायलेच नाहीत. पुठ्ठ्याचा वास नव्हता. नुकत्याच दळून आणलेल्या पिठाचा होता. मीही दोन घोट घेतले, रागावू नका. विक्रीचे फोटो त्यांनी फोनवरून काढून टाकले, आणि आता दर महिन्याला मला खाली हाक येते, "चला फोरमन." मी जाते. मला आवडतं.

काल ह्यांच्या एका मित्राचा फोन आला, तोही मार्कहॅमला त्याच्या गराजमध्ये बिअर करतो. माझं पातेलंही वहिनींनी चेक करावं, म्हणाला. मग मला फोनवर घेऊन विचारलं, तुम्ही इंजिनिअर होतात का? मी म्हटलं, "नाही. माझे वडील डेअरीत फिटर होते." सहज गेलं तोंडातून. फोन ठेवल्यावर मात्र मी जिन्यावर बसून राहिले.

कारण आठवीत शाळेचा एक फॉर्म होता, अण्णा. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'इंजिनिअर' लिहिलं होतं, आमच्या वर्गात बहुतेक मुलींनी तसंच काहीतरी लिहिलं होतं म्हणून. सहीसाठी तुमच्यापुढे ठेवला तेव्हा मला वाटलं, इंग्रजी आहे, तुम्हाला काय कळणार. तुम्ही कागद खिडकीशी नेलात, थोडा वेळ पाहिलात, नीट वळणदार सही केलीत आणि शाई वाळेपर्यंत हातात धरून मग मला दिलात. तुम्ही गेल्यावर तुमच्या ट्रंकेत पंपांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं सापडली, पानोपानी पेन्सिलीने केलेल्या तुमच्या खुणा. तुम्हाला फॉर्मवरचा तो शब्द चांगला वाचता येत होता. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी पुस्तकं परत ट्रंकेत ठेवून झाकण लावलं होतं.