कार्ड बिघडलेलं नव्हतं

आई,

आपला भूषण मस्कतला सुखरूप पोचलाय. आत्ताच त्याची मेल आली. कागदावर उतरवून देव्हाऱ्यापाशी ठेवलीय, आधी ती वाच. त्यांच्या कॅम्पवर फोन नाही, मेल करायलाही शहरात यावं लागतं, म्हणून आठ दिवस काही कळलं नाही.

नानांनी आणून ठेवलेलं मोडेमचं कार्ड चांगलं आहे. परवापासून मी कॉम्प्युटर उघडून ते तीनदा बसवलं, तरी इंटरनेट लागायचं आणि मधेच तुटायचं. आज तू बारडोलीला मावशीकडे गेलीस आणि तासभर एकदाही तुटलं नाही. तेव्हा उमगलं. फोन चालू आहे ना, हे बघायला तू आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलतेस, आणि लाइन एकच असल्याने तो उचलला की इंटरनेट तुटतं. नाना गेले त्या सकाळी आपला फोन बंद होता, दवाखान्यातून आपल्याला कळवता आलं नाही. तू का बघतेस, हे मला आधीच कळायला हवं होतं. काल कार्डावर चिडले, ते मनात ठेवू नकोस.

भात कुकरमध्ये आहे. शिकवण्या आटोपून सहाला येते, मग भूषणला उत्तर लिहू. तेवढी दहा मिनिटं रिसीव्हर उचलू नकोस, माझ्याजवळ बस. एरवी हवा तितक्यांदा उचलून बघ. मीही बघते.

चारू