एक जूनची नोंद

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

पहिला तास. निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना ठेवतात तिथे, चौदा मुलं, एक फळा, खडू मी नेलेला. या मुलांना इतिहास कशाला, असं अधीक्षकांना वाटतं. खरं तर मलाही. पण निवृत्त होऊन वर्ष झालं — घरी बसून टीव्हीवरच्या ज्योतिष्याशी भांडण्यापेक्षा बरं.

मुलं 'मॅडम' म्हणतात. मागच्या रांगेतला एकटा 'बाई' म्हणतो. पेठ तालुक्याकडचा, मंगळू. त्या बाजूला मी सहा वर्षं नोकरी केली. मंगळू तिकडे पैशाला पासरी! इथल्या मुलांची नावं कुठे लिहायची नाहीत असा नियम आहे. पण ही वही माझी आहे.

११ नोव्हेंबर

इतिहासाची साधनं शिकवली. लिखित साधन सगळ्यात भरवशाचं, असं सवयीने बोलून गेले. मंगळूने हात वर केला.

"लिवणाऱ्यानं अंदाजानं लिवलं असंल तर, बाई?"

"मग माणसांना विचारून पडताळायचं."

"माणसांचं कोण ऐकतं?"

वह्या तपासायला घेतल्या.

१८ नोव्हेंबर

मंगळूची भानगड न विचारता कळली. त्याची वकील तेजश्री — सरकारकडून मिळालेली, वयाने माझ्या पुतणीएवढी — चहा घेताना सांगत होती. ९ जूनला घोटीजवळ मारामारी झाली. सहा जण होते, एक माणूस गेला. शाळेच्या जनरल रजिस्टरला मंगळूची जन्मतारीख १ जून २००७. म्हणजे मारामारीच्या दिवशी अठरा पुरी होऊन आठ दिवस झालेले. याला मोठ्यांच्या जेलमध्ये पाठवा, असं पोलिसांचं म्हणणं. आई नवसाबाई सांगते, "भात कापनीत झाला, दिवाळीच्या मागं." म्हणजे तेव्हा अठराला पाच महिने कमी. पण त्याला कागद नाही. रजिस्टरपुढे आईचं तोंडी सांगणं कोण धरतं? नोंद कुणी केली, असं तेजश्रीने मंगळूला विचारलं, तर "आठवत नाय."

एक जून ऐकून मी हसले. खेड्यातल्या शाळांत निम्मी पोरं एक जूनलाच जन्मतात. मीसुद्धा.

२० नोव्हेंबर

तेजश्रीने रजिस्टरची झेरॉक्स पाठवली. सही पुसट आहे. "तुम्ही त्या भागात होतात, अक्षर ओळखू येतं का बघा."

अक्षर माझं आहे.

२१ नोव्हेंबर

झेरॉक्स कपाटात साड्यांखाली ठेवली.

२२ नोव्हेंबर

आठवलं तेवढं लिहून ठेवते. जून २०१२. पहिलीला पाच पूर्ण हवीत. एक बाई पोराला घेऊन आली, पोर साडेचारचं. "दिवाळी झाली का आमी द्राक्षाच्या बागांवर जानार. आजीपाशी ठेवते याला. शाळेत खिचडी तरी मिळंल." मी पाच पूर्ण करून टाकली. उपकार केल्यासारखं वाटलं होतं. त्या वर्षी अकरा मुलं दाखल झाली, अकराही एक जूनची. पोराचा चेहरा काही केल्या आठवत नाही.

बोलले तर सरकारी नोंद खोटी केल्याचा ठपका. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही वाईट शेरा नाही, हे मी येईल त्याला ऐकवत आले. गप्प बसले तर कुणालाच कळणार नाही, आणि मंगळू जेलमध्ये जाईल. भीती वाटते.

२५ नोव्हेंबर

तास घेतला. मंगळूकडे बघितलं नाही. त्याने फळा पुसून दिला.

१ डिसेंबर

बाल न्याय मंडळापुढे उभी राहिले. म्हटलं, "ही नोंद मी केली. तारीख माझ्या मनाची आहे. मूल पाच वर्षांचं नव्हतं." बाकीच्या दहा नोंदीही दाखवल्या. जबाब लिहून घेतला. अंगणवाडीची जुनी वही मागवली आहे, पुढची तारीख पंधराची. माझी चौकशी लागेल, हे पलीकडच्या वकिलांनी ऐकवलंच. ऐकून घेतलं.

२ डिसेंबर

तास संपल्यावर मंगळू थांबला. चिडेल, असं मी धरून चालले होते.

"कशाला सांगितलं, बाई? म्या पैल्याच दिवशी वळखलं व्हतं तुमाला. वकीलबाईनं दोनदा इचारलं. तुमचं नाव नाय घेतलं म्या."