फुली मारलेलं वाक्य

सोल, १४ ऑक्टोबर १९८३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकडे पर्सिमनची फळं सोलून वाळवायला माळा टांगायची घाई असेल, ठाऊक आहे. तरी एक काम लादते. सोबतच्या कागदावर काही वाक्यं आहेत. एका वाक्यात ‘ला’ दोनदा चालतो का, आणि कुठे चालतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. ‘वडिलांनी मुलीला हाताला धरलं’ हे त्यातलंच एक. आमचे सर म्हणतात, खेड्यात असं कुणी बोलत नाही, ही पुस्तकी लोकांची करणी. तुम्हा वडीलधाऱ्यांनीही तेच म्हटलं, तर माझी चार वर्षं पाण्यात गेली. बरोबर वाटेल तिथं खूण करा, चूक वाटेल तिथं फुली.

तोंडी परीक्षा डिसेंबरात आहे. तुम्ही आलात तर फार बरं वाटेल. सरपण वाचवू नका, जमिनीखालची चूल पेटवून जमीन गरम करूनच निजा. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची लेक,
चोंगिम

सांग्जू, २५ ऑक्टोबर

चि. चोंगिम हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा कागद चावडीवर नेला. सरपंच होते, शेजारची सुनदोकची आई होती. सोलून सोलून सगळ्यांची बोटं चिकट, तेव्हा डागांकडे पाहू नकोस. जवळजवळ सगळीकडे फुल्या आहेत, राग मानू नकोस. बापानं लेकीला अभ्यासाला बसवलं, असं लिहिलंस. कधी गं? तुला अक्षरं शिकवली तुझ्या आईनं, चुलीतल्या राखेत काडीनं. ‘सरपंचांना पायाला कुत्रं चावलं’ हे ऐकून तर सरपंच उठूनच गेले. आणि मी तुला हाताला कधी धरलं? आपल्याकडे बाप असले लाड करत नाहीत. सोलच्या पंडितांपुढे आपल्या ‘नाम’ घराण्यानं खोट्यावर खूण करायची नाही, असं मी ठरवलं.

परीक्षेला येऊन मी काय करू? माळांवर पाखरं बसतात. जेवत जा. किमचीचं मडकं पाठवतो.

तुझा बाप

सोल, २ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं. अहो, खरं-खोटं नव्हतं विचारलं! वाक्यं मी मनानंच रचली. तुमच्या कानाला ती आपली वाटतात का, एवढंच सांगायचं होतं. या फुल्या सरांच्या हाती पडल्या तर माझं तिथंच आटोपलं. कृपा करून पुन्हा बसा. सरपंचांची माझ्या वतीनं माफी मागा.

आणि एक सांगते. हाताच्या त्या वाक्याच्या जागी दुसरं कुठलंही चाललं असतं. मला तेच सुचलं.

लोभाची वाट पाहणारी,
चोंगिम

सांग्जू, २० नोव्हेंबर

चि. चोंगिम हिस अ. उ. आ.

पुन्हा बसलो. एकेक वाक्य मोठ्यानं म्हटलं. आम्ही असंच बोलतो. सुनदोकची आई तर म्हणाली, याहून वेगळं बोलतात तरी कसं? सरपंचांनी कुत्र्याच्या वाक्यावर स्वतः खूण केली, पण कुत्रं दुसऱ्याचं असं बाजूला लिहायला लावलं. तुझ्या सरांना सांग, खेड्यात काय बोलतात ते खेड्यात येऊन ऐकावं. आता जो तो म्हणतो, चोंगिमचा प्रबंध आमच्या तोंडून निघालाय. मीही चावडीवर जरा मान वर करून बसतो. अशी लेक आहे कुणाची?

एक फुली मात्र तशीच आहे. वाक्य कानाला आपलंच वाटतं, पण माझ्या हातून त्यावर खूण होईना. म्हणून माळा सुनदोकच्या आईवर सोपवल्या आहेत. तुझ्या आईच्या थडग्यापुढे वाकून, परीक्षेच्या दिवशी पहिल्या बसनं निघतो. सरांच्या देखत लेकीला हाताला धरून आत नेईन. मग ती फुली तू खोड.

हात चिकट असतील, तेवढं चालवून घे.

तुझा बाप